तोसुनला कोणी विचारलंच नाही

एक फोटो आहे, मे २०१८ मधला, लंडनच्या हॉटेलातला. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान आणि त्यांच्या शेजारी तीन फुटबॉलर, तिघांनीही आपापल्या क्लबचा शर्ट त्यांना भेट दिलेला. मेसुत ओझिलने आर्सेनलचा, इल्काय गुंदोगानने मँचेस्टर सिटीचा आणि तिसऱ्याने एव्हर्टनचा. या फोटोवरून पुढचे दोन महिने जर्मनीत जे काही झालं ते फुटबॉल बघणाऱ्या सगळ्यांना आठवत असेल, पण त्या तिसऱ्याचं नाव विचारलं तर बरेच जण अडखळतील.

तिसरा होता जेंक तोसुन. स्ट्रायकर. जन्म ७ जून १९९१, गाव वेत्सलार, राज्य हेसन, देश जर्मनी. लायका कॅमेरा जिथून जगभर गेला तेच हे वेत्सलार. ओझिल आणि गुंदोगान दोघंही जर्मनीच्या नॅशनल टीमचे आणि दोघंही गेल्सेनकिर्शेनचे, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातले. म्हणजे बघा, तिघंही जर्मनीत जन्मलेले, तिघांची मुळं तुर्कस्तानात, तिघंही जर्मनीच्या ज्युनिअर टीम्समधून खेळलेले आणि तिघंही त्या दिवशी एकाच खोलीत एकाच माणसाला भेटलेले. तरी जर्मनीत प्रश्न विचारले गेले ते दोघांनाच.

आणि कसले प्रश्न! तुर्कस्तानात २४ जूनला निवडणूक होती, गुंदोगानने शर्टावर ‘माझ्या अध्यक्षांना आदरपूर्वक’ असं लिहिलं होतं, त्यामुळे राजकीय टीका होणं मला अगदी मान्य आहे. पण टीका तिथे थांबलीच नाही. हे खरंच जर्मन आहेत का, यांचं मन कुठे आहे, हे राष्ट्रगीत का म्हणत नाहीत, इथपर्यंत ती गेली. लेव्हरकुझेनला सौदी अरेबियाविरुद्धच्या फ्रेंडली मॅचमध्ये गुंदोगान मैदानात उतरला तर त्याच्याच देशाच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. मग वर्ल्ड कपमध्ये जर्मनी मेक्सिकोकडून हरली, कोरियाकडून हरली, पहिल्याच राउंडमध्ये बाहेर, आणि चर्चा फिरून पुन्हा त्या फोटोवर आली. २२ जुलैला ओझिलने जर्मनीच्या टीमचा राजीनामा दिला आणि त्यात लिहिलं की जर्मन फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांच्या नजरेत जिंकलो की मी जर्मन असतो आणि हरलो की स्थलांतरित. त्याच निवेदनात त्याने हेही विचारलं होतं की जर्मनीकडून खेळलेले क्लोजे आणि पोडोल्स्की दोघंही पोलंडमध्ये जन्मलेले, मग त्यांना कोणी पोलिश-जर्मन का म्हणत नाही? या प्रश्नाचं सरळ उत्तर माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

या सगळ्यात तोसुन कुठे होता? तो तुर्कस्तानचा खेळाडू, त्याने २०१३ मध्येच तुर्की शर्ट घातलेला, म्हणजे तो ‘त्यांचा’. त्याने आपल्या अध्यक्षांना भेटणं यात जर्मनांना काही गैर वाटलं नाही. विषय संपला.

पुढच्याच वर्षी हेच परत झालं. ऑक्टोबर २०१९, तुर्कस्तानची अल्बानियाशी मॅच, ९०व्या मिनिटाला तोसुनचा गोल, आणि टीमने मिळून लष्करी सॅल्यूट ठोकला, कारण त्याच आठवड्यात तुर्की सैन्य उत्तर सीरियात घुसलं होतं. तोसुनने तो फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, गुंदोगान आणि जर्मनीकडूनच खेळणाऱ्या एम्रे जानने त्याला लाइक केलं आणि जर्मनीत आठवडाभर वाद पेटला तो त्या दोन लाइक्सवरून. त्यांनी ते काढून टाकले, खुलासे दिले, युद्धाचं समर्थन नव्हतं, मित्राच्या गोलचा आनंद होता असं सांगितलं. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, तुर्की टीमच्या सॅल्यूटची चौकशी केली ती वेगळी गोष्ट. पण जर्मनीत ज्याने गोल मारला, सॅल्यूट ठोकला आणि फोटो टाकला त्यापेक्षा ज्यांनी बोटाने हार्ट दाबलं त्यांची झाडाझडती जास्त झाली.

म्हणून मला सरळ म्हणायचंय की हा राग कृतीवर कधी नव्हताच. कृतीवर असता तर तिघांवर सारखा असता. हा राग होता तो ‘आम्ही तुला आपलं म्हटलं आणि तू पूर्ण आमचा झाला नाहीस’ याचा. दोन देशांत घर असलेल्या माणसाला तुझं खरं घर कुठलं हे विचारणं बंद व्हायला पाहिजे, जर्मनीत, तुर्कस्तानात आणि आपल्याकडेही, कारण त्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या माणसाकडे नसतंच. त्याच्या जन्माच्या आधी इतरांनी केलेले कायदे आणि त्याला कधी कुठलं दार उघडं मिळालं, यात ते उत्तर दडलेलं असतं. तोसुनचं करिअर घेऊन हे बोलते, कारण त्याच्यावर फारसं कोणी बोलत नाही.

३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला. जर्मनांनी या लोकांना शब्दच दिला ‘गास्टआरबायटर’, म्हणजे पाहुणे कामगार, चार दिवस काम करून परत जाणारे. १९७३ मध्ये भरती बंद केली तोपर्यंत लाखो लोक आले होते आणि त्यातले बरेच परत गेले नाहीत, बायकापोरांना घेऊन आले, मुलं तिथेच जन्मली. पण जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदा १९१३ चा, रक्ताच्या नात्यावर चालणारा. आईबाप परदेशी असले तर मूल जर्मनीच्या हॉस्पिटलात जन्मून, जर्मन शाळेत जाऊन, जर्मन बोलून सुद्धा परदेशीच. १९९१ साली जन्मलेल्या अशा मुलाला जन्माने जर्मन होता येत नव्हतं.

१९९८ च्या शेवटी सरकार बदललं आणि नव्या सरकारने दुहेरी नागरिकत्व आणायचं ठरवलं, तेव्हा त्याविरुद्ध सह्यांची मोहीम निघाली आणि तिचा सगळ्यात जास्त जोर होता हेसनमध्ये. चौकाचौकात टेबलं टाकून सह्या घेतल्या. फेब्रुवारी १९९९ ची हेसनची निवडणूक विरोधी पक्षाचे रोलँड कोख या मोहिमेच्या जोरावर जिंकले. तोसुन तेव्हा सात वर्षांचा होता, त्याच हेसनमध्ये, बॉलच्या मागे पळत होता. दोन देशांचं असायला या मुलांना परवानगी द्यायची नाही यासाठी त्याच्या राज्यातली मोठी माणसं रांगेत उभं राहून सही करत होती, आणि वीस वर्षांनी तीच माणसं विचारणार की ही पोरं आम्हाला आपलं का मानत नाहीत. हे मला फार लागतं.

१ जानेवारी २००० पासून जो कायदा आला तो तडजोडीचा होता. जन्माने नागरिकत्व मिळेल पण १८ ते २३ वर्षांच्या दरम्यान एक पासपोर्ट निवडायचा आणि दुसरा सोडायचा. आता फुटबॉलरचं वय लक्षात घ्या. १८ ते २३ म्हणजे नेमकं ते वय जेव्हा त्याला क्लब निवडायचा असतो, एजंट निवडायचा असतो, आणि नॅशनल टीमही. ओझिलने तर २००७ मध्येच तुर्की नागरिकत्व सोडलं. एवढं करून २०१० च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनला जर्मनी-तुर्कस्तान मॅच होती तर तुर्की प्रेक्षकांनी त्याला पूर्ण वेळ शिट्ट्या मारल्या, त्याने गोल केला आणि सेलिब्रेशन सुद्धा नीट केलं नाही. ती निवडीची सक्ती २०१४ मध्ये बरीचशी सैल झाली आणि २७ जून २०२४ पासून जर्मनीने दोन नागरिकत्वं ठेवायला सरळ परवानगी दिली. पन्नास-साठ वर्षं लागली एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला.

तोसुनकडे परत येते. तो लहानपणापासून आइनट्राख्ट फ्रँकफर्टच्या अकॅडमीत वाढला, जर्मनीच्या अंडर-१६ पासून अंडर-२१ पर्यंतच्या टीम्समधून खेळला. असा मुलगा म्हणजे पुढे जर्मनीचा स्ट्रायकर असं कोणीही म्हणेल. पण फ्रँकफर्टच्या सीनिअर टीममधून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, त्याच्या वाट्याला आली एक मॅच. मे २०१० मध्ये, सीझनच्या शेवटच्या दिवशी. पुढच्या सीझनला तो बाहेरच बसून, आणि जानेवारी २०११ मध्ये तुर्कस्तानच्या गाझिआन्तेप शहरातल्या क्लबने त्याला घेतलं. गाझिआन्तेप सीरियाच्या सीमेजवळ, बकलाव्यासाठी प्रसिद्ध शहर. एकोणीस वर्षांचा जर्मनीत वाढलेला मुलगा तिथे जातो, याला ‘मुळांकडे परतणं’ वगैरे म्हणायला छान वाटतं, पण मला त्यात सगळ्यात आधी दिसतो तो एक तरुण खेळाडू ज्याला मॅच खेळायची होती आणि जिथे मिळाली तिथे तो गेला. आपल्याकडे पोरं नोकरीसाठी हैदराबादला जातात, दुबईला जातात, त्यांना कोणी विचारतं का की तुझं हैदराबादवर प्रेम आहे का?

गाझिआन्तेपमध्ये त्याने गोल मारले आणि तुर्की संघटनेने हाक दिली. ती हाक काही अचानक आलेली नव्हती. तुर्की संघटना जर्मनीतल्या पोरांवर पद्धतशीर लक्ष ठेवायची, आणि ते काम सांभाळणाऱ्यांत एर्दाल केसर होता, जो स्वतः सिवासमध्ये जन्मून हागेनमध्ये वाढलेला, डॉर्टमुंडकडून आणि तुर्कस्तानकडून खेळलेला. म्हणजे घरी येऊन आईवडिलांशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस. दुसरीकडे जर्मनीच्या टीममध्ये तेव्हा क्लोजे होता, मारिओ गोमेझ होता, आणि कोच लोव्हला तर अधूनमधून स्ट्रायकरच नको असायचा, पुढे ओझिल नाहीतर गोट्झेला खेळवायचा. अशात गाझिआन्तेपच्या पोराला जर्मनीहून फोन येणार होता का? नव्हता.

आणि एक नियमाची गोष्ट आहे जी लोक विसरतात. ज्युनिअर टीमकडून एका देशासाठी खेळलेल्याला दुसरा देश निवडायची सोय फिफाने २००४ मध्ये दिली, पण २१ वर्षं वयाची अट घालून. ती अट काढली जून २००९ च्या बैठकीत. तोसुन तुर्कस्तानकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा बावीसचा होता. अट राहिली असती तर कदाचित तो कुठल्याच देशाचा झाला नसता, आणि त्याच्या निष्ठेबद्दल बोलायची वेळही आली नसती. ज्याला आपण हृदयाचा कौल म्हणतो तो कितीदा एखाद्या कमिटीच्या ठरावावर लटकलेला असतो.

तुर्कस्तानात गेल्यावर तरी तो पूर्ण आपला झाला का? जर्मनीतून येणाऱ्यांना तिथे ‘गुर्बेतची’ म्हणतात, म्हणजे परमुलखात राहणारा, आणि जरा तिरकस बोलायचं असेल तर ‘अल्मांजी’, जर्मनीवाला. आपल्याला हे कळायला फार त्रास पडू नये. गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी आठवा, मुंबईत त्याला कोकणातला म्हणतात आणि गावात गेल्यावर ‘मुंबयवालो’, त्याच्या बोलण्यातला फरक दोन्हीकडे पकडला जातो. तिकडेही उन्हाळ्यात गाड्यांच्या टपावर सामान बांधून जर्मनीतून युगोस्लाव्हिया ओलांडत तुर्कस्तानपर्यंत दिवसेंदिवस गाडी चालवत जायची माणसं, आणि गावी पोचल्यावर शेजारी म्हणायचे, आले जर्मनीवाले.

२०१४ मध्ये तो बेशिक्ताशला गेला, इस्तंबूलच्या तीन मोठ्या क्लबांपैकी एक. २०१५-१६ च्या सीझनला त्याच्या पुढे कोण होता माहितीये? मारिओ गोमेझ. तोच, जर्मनीचा स्ट्रायकर, वडील स्पॅनिश. गोमेझने लीगमध्ये २६ गोल मारून टीमला विजेतेपद मिळवून दिलं आणि तोसुन बऱ्याचदा बेंचवरून उतरायचा. मग जुलै २०१६ मध्ये तुर्कस्तानात लष्करी बंडाचा प्रयत्न झाला आणि गोमेझ राजकीय परिस्थितीचं कारण देऊन क्लब सोडून गेला. स्पॅनिश बापाचा जर्मन स्ट्रायकर इस्तंबूलमधून निघून गेला म्हणून तुर्की मुळांच्या, जर्मनीत जन्मलेल्या स्ट्रायकरला जागा मिळाली! फुटबॉलमधली राष्ट्रं ही अशी एकमेकांत गुंतलेली असतात.

त्यानंतरची दीड वर्षं त्याची सगळ्यात भारी. नोव्हेंबर २०१६, चॅम्पियन्स लीग, बेन्फिका ०-३ ने पुढे आणि तोसुनने हवेत झेपावून जो गोल मारला तो अजूनही मी मधेच बघते, तिथून मॅच ३-३ झाली. त्या सीझनला लीगमध्ये २० गोल आणि परत विजेतेपद. २०१७ च्या शरदात तर पोर्तो, मोनॅको आणि लाइपझिग अशा ग्रुपमध्ये बेशिक्ताश एकही मॅच न हरता पहिला आला, मोनॅकोमध्ये जाऊन दोन्ही गोल तोसुनचे. जानेवारी २०१८ मध्ये एव्हर्टनने सुमारे २७ मिलियन पौंड मोजले.

इंग्लंडमध्ये मात्र जमलं नाही, आणि तेही राष्ट्र, निष्ठा वगैरेंमुळे नाही तर अगदी साध्या कारणांनी. ज्या मॅनेजरने घेतलं तो काही महिन्यांतच गेला, नवीन मॅनेजरला वेगळा, जास्त पळणारा स्ट्रायकर हवा होता, तरुण कॅल्व्हर्ट-लुईन पुढे आला. क्रिस्टल पॅलेसला लोनवर गेला, मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल मारला, आणि मार्च २०२० मध्ये ट्रेनिंगमध्ये गुडघा गेला. बरा होऊन बेशिक्ताशला परत आला तर २०२१ मध्ये परत गुडघा, त्यामुळे त्या उन्हाळ्यातली युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, हुकली. स्ट्रायकरचं आयुष्य असंच असतं, चांगली दीड-दोन वर्षं आणि बाकी वाट बघणं. त्याची देश बदलण्याची गोष्ट मोठी वाटते खरी पण मला विचाराल तर त्याच्या करिअरमधला सगळ्यात मोठा प्रश्न तो गुडघाच होता.

आणि मग २६ जून २०२४ ची रात्र, हॅम्बर्ग. आपल्याकडे मॅच साडेबाराला सुरू झाली, घरात सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून बघत होते. तुर्कस्तान-चेक, भांडाभांडी एवढी की रेफरीने १८ कार्ड काढली, युरोच्या एका मॅचमधला विक्रम. स्कोअर १-१. तोसुन तेहतीस वर्षांचा, बेंचवरून आलेला, ९४व्या मिनिटाला त्याने बॉल घेतला आणि मारला. २-१. पहिला गोल हाकान चाल्हानोलूचा होता, तो मानहाइमचा. म्हणजे जर्मनीत चाललेल्या युरोत, जर्मनीच्या मैदानात, तुर्कस्तानचे दोन्ही गोल जर्मनीत जन्मलेल्या पोरांचे, आणि स्टँडमध्ये लाल झेंडे घेऊन रडत-नाचत असलेल्यांमध्ये किती जण त्याच हॅम्बर्गचे असतील. परक्या देशात जिंकले असं कसं म्हणणार याला? त्याच वेळी त्याच स्पर्धेत जर्मनीचा कॅप्टन कोण, तर गुंदोगान. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात बर्लिनला जर्मनी-तुर्कस्तान फ्रेंडलीमध्ये त्याला तुर्की प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या आणि त्याच मॅचमध्ये जर्मनीविरुद्ध गोल मारणारा अठरा वर्षांचा केनान यिल्दिझ रेगेन्सबुर्गला जन्मलेला, बायर्नच्या अकॅडमीत वाढलेला.

आता समोरची बाजू. एक मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो, पैशाचा आणि मेहनतीचा. जर्मनीने अकॅडम्या बांधल्या, कोच ठेवले, दहा-दहा वर्षं पोरं घडवली आणि तयार माल दुसऱ्याने नेला. पण ती अकॅडमी ज्या शहरात आहे तिथल्या कारखान्यांत साठच्या दशकापासून राबलं कोण, टॅक्स कोणी भरला? या मुलांचे आजे-बापच ना. पोरांनी जे घेतलं ते फुकट घेतलेलं नाही. आणि क्लबचं म्हणाल तर फ्रँकफर्टने एक मॅच देऊन त्याला विकलं, तिथला हिशोब तिथेच मिटला.

दुसरा मुद्दा तुर्कस्तानसाठी जास्त बोचरा आहे आणि तो मला नाकारता येत नाही. बाहेर घडलेली पोरं मिळतात म्हटल्यावर घरची अकॅडमी उभी करायची घाई राहत नाही. २००२ च्या वर्ल्ड कपला तुर्कस्तान तिसरा आला, त्या टीमचा इल्हान मान्सिझ बव्हेरियातल्या केम्पटनला जन्मलेला. सेनेगलविरुद्ध क्वार्टर फायनलचा गोल्डन गोल त्याचा, तोही ९४व्या मिनिटाला, आणि तिसऱ्या जागेच्या मॅचमध्ये कोरियाविरुद्ध आणखी दोन. यिल्दिराय बाश्तुर्क हेर्नेचा, उमित दावाला मानहाइमचा. पण त्यानंतर २००६ ते २०२२ या पाच वर्ल्ड कपपैकी एकालाही तुर्कस्तान पात्र ठरला नाही. बाहेरच्या पोरांनी टीम चांगली होते, देशाचं फुटबॉल त्यांच्यामुळे आपोआप सुधारत नाही. मात्र यात त्या पोरांची चूक नाही, संघटनेची आहे.

तिसरा मुद्दा म्हणजे मग कुणाला काहीच विचारायचं नाही का? विचारायचं, जरूर विचारायचं. निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधाऱ्याबरोबर फोटो काढला, युद्ध चालू असताना सॅल्यूट ठोकला, हे मला पटलेलं नाही, तोसुनचंही नाही. त्या सीमेपलीकडे कुर्द माणसं मरत होती, आणि ‘तुर्की-जर्मन’ म्हणून आपण ज्यांना एका पोत्यात भरतो त्यात कुर्दही आहेत, यझिदी या छोट्या धर्माचे लोकही आहेत. जर्मनीचा आजचा स्ट्रायकर डेनिझ उंडाव यझिदी कुर्द घरातला, त्याला नुसतं ‘तुर्की मूळ’ म्हणून मोकळं होता येत नाही. तर कृतीबद्दल विचारा, आणि सगळ्यांना सारखं विचारा. फक्त कृतीवरून उडी मारून रक्तावर जाऊ नका. २००८ च्या युरोत पोडोल्स्कीने पोलंडविरुद्ध दोन गोल मारले आणि सेलिब्रेट केलं नाही, तेव्हा केवढं कौतुक झालं, जन्मभूमीचा मान राखला म्हणून! दोन्ही घरांशी इमान ठेवणं तेव्हा गुण होता.

हे सगळं मी मराठीत का लिहितेय, तर हा प्रश्न आपल्या दारातही आहे म्हणून. आपलं संविधान आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन पासपोर्ट मानत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठी ओसीआय कार्ड आहे पण ते नागरिकत्व नव्हे, आणि डिसेंबर २००८ पासून खेळ मंत्रालयाचं धोरण आहे की भारताकडून फक्त भारतीय नागरिकच खेळेल. फुटबॉलमध्ये तर फिफालाच पासपोर्ट लागतो. न्यूकॅसलचा स्ट्रायकर मायकेल चोप्रा, वडिलांकडून भारतीय, भारताकडून खेळायची इच्छा त्याने बोलून दाखवली, केरळकडून आयएसएल ही भारतातली लीग खेळला, पण ब्रिटिश पासपोर्ट सोडणं आलं आणि ते राहिलंच. आराता इझुमी आठवतो का, पुणे एफसीचा? जपानमध्ये जन्मलेला, वडील गुजराती. त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. आणि आता २०२५ मध्ये पर्थला जन्मलेल्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला, त्याच्या आईचं घराणं मुंबईचं आणि आजोबा संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळलेले.

गोव्यात हे उलट दिशेने चालतं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते, कितीतरी घरांनी केली, लंडनला जाऊन काम करायला तो पासपोर्ट उपयोगी पडायचा. पण तो घेतला की भारताचं नागरिकत्व जातं. ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो दिले तिथल्या एखाद्या सतरा वर्षांच्या पोराचं घर पोटासाठी असं पोर्तुगीज झालं, तर भारताचा शर्ट त्याच्यासाठी संपला. त्याने देश सोडला असं म्हणायचं का? तो अजून सालसेतच्या त्याच ग्राउंडवर खेळतोय.

माझा मावसभाऊ स्टुटगार्टजवळ असतो, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा मुलगा दहा वर्षांचा आहे, गावातल्या क्लबकडून खेळतो, पुढेच खेळतो. जर्मनीचा कायदा आता त्याला म्हणतो की दोन्ही ठेव. आपला कायदा म्हणतो एकच ठेव. १९९९ मध्ये हेसनच्या चौकात जे म्हणत होते तेच आज आपण म्हणतोय, आणि ते सगळ्यात आधी आपल्याच पोरांना लागू होतंय. मला वाटतं आपण हा कायदा बदलायला हवा, जर्मनीने बदलला तसा, आणि त्या नादात आयएसएलमध्ये जागा मिळायची वाट बघणाऱ्या कोल्हापूरच्या किंवा मडगावच्या पोरांना वाऱ्यावरही सोडायला नको, त्यांची ग्राउंडं आणि लीग आधी नीट चालायला हव्यात. दोन्ही करता येतं.

आणि कायदा बदलेल तेव्हा बदलेल, एक गोष्ट आजपासून करता येईल. भारताकडून खेळताना विल्यम्सने एखादा सोपा चान्स घालवला, आणि कधीतरी घालवेलच, सगळेच घालवतात, तर म्हणा की शॉट वाईट होता, डावा पाय कच्चा आहे, कोचने आधीच काढायला पाहिजे होतं. त्याच्या पासपोर्टची तारीख काढून दाखवू नका.